आजींची जळकी वायर

अपिया शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढच्या आजींनी कापडात गुंडाळलेला गेम कन्सोल दुकानदार पेलेनातोच्या टेबलावर ठेवला.

"सोमवारपासून चालूच होत नाही रे. दिवासुद्धा लागत नाही."

"जळका वास आला होता?"

"छे."

"उघडून बघू. मुंग्या नाहीत, पालही शिरलेली नाही. थांबा, माझी वायर लावतो. हा बघा, लागला दिवा! तुमची वायर गेलीय, आजी."

"याची वायर चांगली आहे. ती रेडिओला लावलीय."

"आणि रेडिओची याला?"

"हो. ती कधीच जळलीय."

"ठाऊक असून लावलीत?"

"मग काय करू? संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला तरी नातवंडं या खेळासमोरून हलायची नाहीत."

"आता हलली ना? मग इथे कशाला आणलात?"

"हलली कसली! शंख वाजायच्या आधीच शेजारी पळतात, त्यांच्याकडे खेळायला. शंख वाजल्यावर कुणाला रस्त्यावर येता येत नाही, म्हणून तिथेच बसतात. मी एकटीच प्रार्थना म्हणते."

"शेजारीही प्रार्थना होतेच की, आजी."

"होत असेल. पण माझ्या घरात खेळता खेळता का होईना, 'आमेन' तरी म्हणायची."