चार सिलिंडर की आठ

...आणि वर मलाच म्हणतो, तूच तर निवडलंस! मी? तुम्हाला सांगते, मी आयुष्यात इंजिन सोडाच, साधा मिक्सर एकटीनं निवडलेला नाही, तोसुद्धा सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पास केला होता, आणि आज आमच्या गॅरेजमध्ये हे एवढं मोठं लाकडी खोकं, आत आठ सिलिंडरचं धूड, आणि नाव माझं! मी संशयी नाही हो. पण काही गोष्टी जुळत नाहीत, एवढंच.

आता बघा, माझा नवरा सुमित इथं डच लोकांच्या देशात, फेल्डहोवनला, चिप बनवायच्या मशिनवर काम करतो, तिथं हवेत धुळीचा कण चालत नाही, आणि घरी आणली ही जुनी स्पोर्ट्स कार, माझ्याहून वयानं मोठी, लाल, टपाशिवायची, उभ्या जागी तेल गाळणारी. गेल्या हिवाळ्यात तिच्यात अँटीफ्रीझ घालायचं राहिलं, आतलं पाणी गोठलं आणि इंजिनचा ब्लॉक तडकला. राहिलं की राहू दिलं? जाऊ दे. मला वाटलं, सुटले! तर म्हणतो, क्रेट इंजिन घेऊ. आता इथं सुपरमार्केटात क्रेट म्हणजे बियरचं, मी म्हटलं घे बाबा, दुःखात आहेस. तर ते नाही... क्रेट इंजिन म्हणजे आख्खं तयार इंजिन खोक्यात घालून घरपोच येतं. जुनं उचलायचं, नवं ठेवायचं. ‘अगं, सिलिंडर बदलतो ना आपण गॅसचा, तसं,’ असं म्हणाला. इतक्या सोप्या भाषेत हा माणूस मला फक्त गंडवताना समजावतो.

आणि प्रश्न माझ्या लेखी एकच होता. गाडीला सीटा दोन, घरात माणसं तीन. तिसरी आमची लेक मैत्री, तीन वर्षांची. ती बसणार कुठं? तर पुढं, बापाशेजारी. मी म्हटलं, पुढं? तर म्हणतो, ‘या गाडीत एअरबॅगच नाही, त्यामुळे पुढं बसवायला सेफ.’ मी फूड सायन्स शिकलेय, मला भात किती वेळात खराब होतो ते सांगता येतं, एअरबॅगमधलं मला काय कळतं... पण ‘नाही, त्यामुळे सेफ’ हे कुठल्या शास्त्रात बसतं हो? म्हणून मी अट घातली. इंजिन मूळचं होतं तसलंच, चार सिलिंडरचं, गरीब, हळू पळणारं. तो लगेच हो म्हणाला. लगेच! तिथंच पाल चुकचुकली. कारण माणूस हो म्हणतो चार सिलिंडरला, आणि फोनवर व्हिडिओ बघतो आठचे, तेही हेडफोन लावून, आणि मी खोलीत आले की भेंडीच्या भाजीचा व्हिडिओ लावतो. मी संशयी नाही हो, पण सुमित भेंडी खात नाही.

तर गेलो आम्ही हार्लेमजवळ, विलेम म्हणून एक इंजिनवाले आहेत त्यांच्या शेडमध्ये. आणि तिथं मी काय केलं असेल? डच क्लास लावलाय ना मी नवीन, तर शहाणपणा! ‘माझ्याशी कृपया डच बोला, मी शिकतेय,’ असं डचमध्ये छाती काढून सांगितलं. विलेम खूश. तेव्हापासून तो बाबा मी जे बोलेन ते सगळं डच समजून कान देऊन ऐकायला लागला. मी मैत्रीला ‘शेंबूड पूस’ म्हटलं तरी मान डोलवत होता.

समोर दोन इंजिनं. उजवीकडे चार सिलिंडरचं, बिचारं, शिलाई मशिनएवढं दिसणारं. डावीकडे आठचं, पॉलिश केलेलं, आणि सुमित त्याच्याकडे असा बघतोय... लग्नात अंतरपाट सरकल्यावर माझ्याकडे नव्हतं बघितलं. मी आठकडे बोट करून संशयानं विचारलं, ‘हे त्या एवढ्याशा गाडीत चालेल?’ प्रश्न होता हो तो! आणि याचा चेहरा उजळला. ‘चालेल म्हणतेस?’ मी म्हटलं, म्हणत नाही, विचारतेय! तर म्हणतो, ‘ऐकताना तसं वाटलं नाही.’ आता मराठीत होकार आणि शंका एकाच शब्दात बसवल्यात, त्याला मी काय करू?

म्हटलं, आता घोळ नको. मैत्री कडेवर, तिला सू लागलेली, मी सरळ चारसमोर जाऊन उभी राहिले, त्याच्यावर हात ठेवला आणि ठणकावून सांगितलं, ‘सुमित, हे ने. ऐकतोयस? हेच ने. ने म्हणते ना!’ आणि आश्चर्य म्हणजे सुमित वाद न घालता ‘बरं’ म्हणाला, आणि विलेमला इंग्रजीत म्हणाला, ‘माझी बायको म्हणतेय तसं करा.’ विलेमनं मला अंगठा वर करून दाखवला. मी मैत्रीला घेऊन टॉयलेटकडे पळाले. इतकं हलकं वाटलं, तुम्हाला सांगते... पोर वाचलं माझं.

आणि काल खोकं आलं. उघडलं. मोजले. परत मोजले. आठ.

फोन लावला विलेमला, स्पीकरवर. तो अगदी नम्र, सावकाश, माझ्या क्लासला शोभेल अशा डचमध्ये म्हणाला, ‘पण बाई, तुम्ही छोट्या इंजिनावर हात ठेवून तीनदा नाही म्हणालात.’

नाही! डचमध्ये नाहीला ‘ने’ म्हणतात हो! आमची मैत्री दिवसभर दुसरं बोलत नाही. जेवतेस? ने. झोपतेस? ने. आणि सुमित या देशात माझ्या चार वर्षं आधी आलाय. त्याला ते शेडमध्ये ऐकू आलं नसेल? मी संशयी नाही हो... पण त्या दिवशी ‘बरं’ किती पटकन म्हणाला!

पण विलेम चांगला माणूस. म्हणाला, ‘मी हे इंजिन परत घेऊन जाऊ का?’ सुमित पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळला. ‘काय सांगू त्याला?’

आणि मी, एवढी शिकलेली बाई, फोन समोर चालू असताना, तोंड भरून म्हणाले, ‘ने म्हणावं! आत्ताच्या आत्ता ने!’

‘ओके, बाई,’ विलेम म्हणाला. ‘मग राहू दे तिथंच.’ आणि ठेवला.

मी लगेच परत फोन हातात घेतला. घेतला, आणि खोक्यापाशी बघितलं. सुमित फडकं घेऊन त्या इंजिनवरचा वाटेतला कचरा पुसत होता, एकेक सिलिंडर, जसं नवजात बाळाला टिपतात तसं. मैत्री झाली तेव्हा आमच्या घरात असं टिपणारा हाच होता, मी नुसती घाबरून बघत बसले होते. फोन ठेवला मी खाली.

पण मैत्री त्या गाडीत बसणार नाही म्हणजे नाही, तिला पाळणाघरात मी सायकलनंच सोडणार. आणि ती दुसरी सीट? तिच्यावर मी बसणार, दुसरं कोण... डोळे मिटून.