आमची रिकामी बादली

शेजारी साखर मागायला तुम्हीही गेला असाल. मी एकदा कचरा मागायला गेले आहे.

त्या वर्षी जालन्यात आमच्या गल्लीपर्यंत पहिल्यांदाच घंटागाडी येऊ लागली. घंटा वाजली की आई रिकामी बादली घेऊन दारात उभी राहायची. चौथ्या दिवशी गाडीवरच्या मुकादमाने वही उघडली.

"ताई, तुमचा कचरा येत न्हाई. नालीत टाकून राह्यले का?"

"न्हाई हो. सालं, शिळंपाकं शेळी खाती. रद्दी भंगारवाला नेतो. राखेनं मी भांडी घासते. मंग उरतं काय?"

"ते मला सांगू नका. उद्या बादली भरलेली पाह्यजे, न्हाई तर दारावर नोटीस लागंल."

नोटीस लागली तर गल्लीत तोंड कसे दाखवायचे, या काळजीने आईला त्या दिवशी जेवण गेले नाही. सकाळी तिने बादली माझ्याच हातात दिली. "जा जल्दी, शेजारच्या शांताकाकूकडून थोडा कचरा घेऊन ये."

काकूंच्या उंबऱ्याशी मी बादली खाली ठेवली. मग खाली बघतच म्हणाले, "काकू, आईनं थोडा कचरा मागितलाय."

मला वाटले, त्या हसतील. त्या बिलकुल हसल्या नाहीत. त्यांनी आपली बादली पुढे ओढली आणि आत नीट पाहिले.

"अर्धा ने बाई. पण आईला सांग, उद्या परत पाह्यजे. मी बी समोरच्या वहिनीकडून उसनाच आणलाय."