आमच्या फर्ममधल्या सपोर्ट-मॅडम

—तसं नाही हो दादा, तुम्ही आरामात करा, घाई अजिबात नाही, फक्त चारच्या आत नेटची लाइन सुरू झाली पाहिजे. आत्ता किती वाजले? साडेतीन? मग घाई आहे. स्टूल घ्या ना, ते इस्त्रीचं टेबल आहे, त्यावर पाय नका देऊ — ते आमचं ऑफिस आहे. हसू नका. खरंच ऑफिस आहे. त्या भिंतीला पांढरी चादर लावलीय ना, ती कॅमेऱ्यात भिंतीसारखी दिसते. चादरीमागं कपाट आहे, त्याचं दार बंद होत नाही, म्हणून चादर. खाली लुंगी, वर इस्त्रीचा शर्ट — हा आमचा गणवेश. आणि तुमच्यासमोर उभा आहे तो त्या ऑफिसचा चीफ. म्हणजे मीच. कार्डवर तसंच छापलंय. एक कार्ड देतो जाताना, शंभर छापली होती, अठ्ठ्याण्णव शिल्लक आहेत.

मोबाइलचं नेट? येतं की, बाथरूमच्या खिडकीत येतं. तेही उजवा हात बाहेर काढला तर. आता मला सांगा, परदेशातल्या बाईशी वर्षभराच्या कामाचं बोलणं करायचं, ते बादलीवर बसून, हात बाहेर काढून करू का? वर्षभराचं काम आहे दादा! मिळालं तर टिकलो, नाही तर जुन्या साहेबाच्या दारात परत. आणि साहेबाला जाताना काय काय ऐकवून आलोय ते तुम्हाला नाही सांगत. बरं, सांगतो — ‘माझी किंमत तुम्हाला कळणार नाही’, असं म्हणालो होतो. सगळ्या मजल्यासमोर. वर लिफ्ट आली नाही म्हणून तिथंच पाच मिनिटं उभा राहिलो, सगळे माझ्याकडं बघतायत आणि मी आकडे बघतोय.

तर सांगत काय होतो — हां, फ्रीलान्स. म्हणजे असं असतं, एक साइट असते, तिच्यावर जगभरचे लोक कामं टाकतात, आपण बोली लावायची. पहिल्या दोन महिन्यांत मी एकशे चाळीस बोल्या लावल्या. कामं किती मिळाली? एक. कुत्र्यांच्या पट्ट्यांचे फोटो, तीनशे, प्रत्येकाच्या मागचं गवत पुसायचं. इंजिनिअरिंग केलेला माणूस मी, गवत उपटत बसलो! बाबा मागून येऊन बघायचे. आणि शेजारच्यांना सांगायचे, ‘घरीच असतो सध्या’. त्या ‘सध्या’वर असा जोर द्यायचे की शेजारच्या काकूंनी मला ताप उतरायचा काढा आणून दिला.

मग मला अक्कल आली. अक्कल म्हणजे काय — आपल्यासारख्या देशातला एकटा माणूस म्हटलं की ते लोक पुढं सरकतात. आज आहे, उद्या वीज गेली, लाइन तुटली, कुठं शोधायचा याला? आणि बरोबरच आहे त्यांचं, तुम्हीच बघा ना, कोणीतरी पाइपासाठी खड्डा खणला आणि आमची फर्म सकाळपासून मेली. तर मी ‘मी’ काढून टाकला आणि सगळीकडं ‘आम्ही’ लिहिलं. आम्ही पाच जण. चीफ, डिझाइनवाला, तपासणीवाला, सर्व्हरवाला आणि सपोर्ट-मॅडम. पाचही मीच! प्रत्येकाचा वेगळा ईमेल, वेगळी सही. नुसती खोगीरभरती. आणि गंमत अशी की कामं यायला लागली. एकदा तर माझ्यातल्या डिझाइनवाल्याचं आणि तपासणीवाल्याचं पत्रांतून भांडण झालं, गिऱ्हाइकासमोर, कारण कोणत्या वेळी मी कोण आहे हेच विसरलो होतो. डिझाइनवाल्यानं माफी मागितली. चांगला मुलगा आहे तो.

काय? ती पिवळी वायर? काढा, काढा, कशाची आहे मलाही माहीत नाही.

आता ही बाई. आम्ही हिला खोगीरवाली म्हणतो — खरंच खोगिरं विकते, घोड्यांची, तिकडं मोठं दुकान आहे. तिचं सगळं ऑनलाइन दुकान मी बांधून दिलं. आम्ही बांधून दिलं. झकास झालं होतं. आणि पंधराच दिवसांत तिचं पत्र, की लोक बघतायत पण घेत कोणी नाही, आणि एकानं विचारलंय, तुमच्याकडं बाहुल्यांची खोगिरं मिळतात का? मी चीफच्या सहीनं लिहिलं, ‘सिस्टिम अपेक्षेप्रमाणे चालू आहे, कृपया तुमचा ब्राउझर साफ करून बघा.’ तिनं केला साफ. पुन्हा पत्र. मी पुन्हा तेच, फक्त जरा नाक वर करून. तिसऱ्या वेळी मी चार परिच्छेद लिहिले. भारदस्त. मलाच दोनदा वाचावंसं वाटलं. त्यावर ती अशी भडकली की मला घाम फुटला, आणि मी बायकोला म्हटलं, बाई गं, मला आता हिला तोंड देणं जमत नाही, तू घे ही सपोर्टची खुर्ची, नुसतं ‘हो, बघते’ लिहीत जा.

बायको कुठंय? वर गच्चीत कपडे वाळत घालायला गेलीय, येईलच. सात वर्षं हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. मुलगी झाली तेव्हा सोडलं. तिथं माणूस रडत येतो, ओरडत येतो, काचेवर मुठी मारतो — ही म्हणायची, ‘बसा. कागद दाखवा. आता सांगा.’ बास. तर तिनं त्या खोगीरवालीला एवढंच विचारलं, की तुम्हाला समोर काय दिसतंय ते मला एकेक ओळ लिहून पाठवा. मी आतून हसतोय — हे काय सपोर्ट? एवढं शिकलो ते उगाच? अर्ध्या तासानं ही आत आली, हात असा पसरून, आणि म्हणाली, ‘अहो, सतरा सेंटिमीटर म्हणजे माझ्या वितीएवढंही नाही. यावर माणूस बसतो ना?’

दादा, इंच होते ते! सतरा इंच! मी सगळ्या दुकानभर इंचांच्या जागी सेंटिमीटर लावून ठेवले होते. सगळं खोगिराचं दुकान मी बाहुल्यांचं करून टाकलं होतं आणि वर त्या बाईला ब्राउझर साफ करायला लावत होतो. हिनं नुसती शिवणाची टेप आणून माझ्या टेबलावर ठेवली.

त्यानंतर खोगीरवाली फक्त हिलाच लिहायची. हिची वाक्यं चार-चार शब्दांची. ‘काल सुधारलं. आज तपासलं. उद्या कळवते.’ आणि कळवायची! हळूहळू हिनंच मागणी-बिगणी, फोटो, मापं, सगळं बघायला सुरुवात केली. शिकली, बघता बघता शिकली. माझ्याकडून? छे. मी शिकवायला लागलो की मुलगीसुद्धा रडते.

पुढं काय विचारता — पुढं काय, आज चार वाजता कॉल. वर्षभराचं काम, म्हटलं ना. फक्त... तुम्ही ते जोडत राहा ना, मी बोलतोय तोवर. फक्त थोडं असं आहे की तिनं पत्रात लिहिलंय — काम आम्ही तुमच्या सपोर्ट-मॅडमना देऊ इच्छितो. बोलणंही त्यांच्याशीच. आणि खाली एक ओळ — ‘तुमचे चीफ या कामात नसले तरी आमची हरकत नाही.’ हरकत नाही! सभ्य भाषेत लाथ कशी घालतात ते शिकावं त्यांच्याकडून. मीच जन्माला घातलेली बाई, आणि तिनंच मला माझ्या कंपनीतून काढलं.

हिला सांगितलं का? सांगणार होतो की. शुक्रवारी पत्र आलं, आज मंगळवार. शनिवारी पाहुणे होते. नव्हते पाहुणे. खरं सांगू? जळलो मी. घरात बसून, एवढा आटापिटा करून, पाच माणसांचं सोंग एकट्यानं करून, आणि त्या बाईला नेमकी तीच हवी जी मी नव्हतो. आणि उद्या बाबा शेजारी काय सांगतील? ‘सून कमावते, हा सध्या घरीच असतो.’ म्हणून मी ठरवलं, कॉल मीच घ्यायचा. चांगला शर्ट घालायचा आणि—

काय? जोडली? नुसती ही पिन आत सारली की सुरू? थांबा! थांबा, दादा, नका लावू. एक मिनिट. हात मागं घ्या. लाइन नको असं नाही हो, हवीय, फक्त — सकाळी मी एक पत्र लिहिलं. ‘पाठवा’ दाबलं आणि त्याच क्षणी त्या खड्ड्यानं लाइन तोडली. म्हणजे ते गेलं नाही, इथं अडकून बसलंय. लाइन आली की आपोआप जाणार. काय लिहिलंय? काही नाही, नेहमीचं. लिहिलंय की — ‘कळवण्यास खेद होतो, आमच्या सपोर्ट-मॅडम काम सोडून गेल्या आहेत. यापुढं चीफ स्वतः लक्ष घालतील.’

असं बघू नका हो माझ्याकडं. तुम्ही लाइनवाले, तुम्हाला काय करायचंय? लावा. लावा ती पिन... नको. थांबा म्हटलं ना! ती वर कपडे वाळत घालतेय आणि मी इथं तिला कामावरून काढतोय. एकदा मुलीसाठी सोडलं तिनं, तेव्हा मी म्हणालो होतो, तुला परत नोकरी लागेपर्यंत मी आहे. आणि लागली तर ही माझी तऱ्हा. नालायक आहे मी, पक्का नालायक. कुठंय ते — हे. हे बघा, तुमच्यासमोर पुसतो. पुसलं. रांगेत काही नाही, बघा, शून्य. लावा आता.

हिरवा दिवा आला? आला. दहा मिनिटं आहेत अजून.

अगं, आलीस? बादली ठेव तिथंच. नाही, झालं काही नाही, लाइन आली. ये, बस इथं, खुर्ची सरळ ठेव, ती डगमगते. चार वाजता कॉल आहे. माझा नाही, तुझा. खोगीरवाली. वर्षभराचं काम तुला देतेय, तुला, मला नाही... हे पत्र वाच. हो, शुक्रवारचंच आहे. हो, माझ्याकडंच होतं. आणि तू सोडून गेलीस असं मी लिहिलं होतं तिला, गेलं नाही ते, आत्ता पुसलं, विचार यांना. शिव्या दे हवं तर. ती चादर कशाला काढतेयस, कपाट दिसेल — बरं, दिसू दे. काय सांगणार आहेस तिला? ‘आधी खरं सांगणार, आमच्यात पाच माणसं नाहीत म्हणून’? आणि तिनं नाही म्हटलं तर? ...बरं. बरं, तुझं काम आहे, तू ठरव. मी बसू का शेजारी? नुसता बसतो. मापांचं काही विचारलं तर...

चला दादा, आटपा, पेटी उचला. निघा आता. नाही, थांबा, चप्पल घालतो, मीही येतो खाली. दार ओढून घ्यायला सांगितलंय तिनं, बाहेरून.