पुस्तकांच्या कपाटामागचा बार

अरे ऐका, अंधेरीतला तो लपवलेला बार मी आणि संदेशने शोधलाच! जिना चढलो तर समोर फक्त पुस्तकांचं कपाट. दार तेच, पण उघडायचं कसं ते कोणी सांगत नाही, तीच तर मजा! वीस मिनिटं आम्ही एकेक पुस्तक खेचतोय, सगळी चिकटवलेली! शेवटी संदेश खाली वाकला. एका फळीखाली पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'डावीकडची'. पठ्ठ्या एकदम गार.

"यार, हे पप्पांचं अक्षर आहे."

त्याच्या पप्पांचं चारकोपला फर्निचरचं वर्कशॉप आहे, कुठली फळी कुठे बसवायची ते ते असंच लिहून ठेवतात, आणि दारूचं नाव काढलं तरी घर डोक्यावर घेतात. मी म्हटलं, "लाव फोन!"

"वेडा आहेस का?" म्हणत लावला त्याने.

"पप्पा, पुस्तकांचं एक कपाट आहे, उघडतच नाहीये..."

पलीकडून पप्पा, "अंधेरीचं ना? तिसरी फळी वर उचल."

उचलली. खट्! अख्खं कपाट आत सरकलं. दिवे, गाणी, माणसं! आम्ही नाचायचेच बाकी होतो.

फोनमधून पप्पा म्हणाले, "करकरलं का?"

"अजिबात नाही, पप्पा!"

"छान. आता तसंच बंद कर आणि घरी ये."