सांगाडा मीच काढला होता

—नाही हो मॅडम, मजकुराबद्दल माझी काही तक्रार नाही, मजकूर चांगलाच आहे, मी फक्त एवढंच म्हणतोय की दुसरा पेंटर बघा. बसा ना. त्या डब्यावर नको, झाकण ओलं आहे, साडी जाईल—हां, स्टुलावर बसा. किती ओळी आहेत? सात. ‘एचआयव्हीची तपासणी मोफत, नाव गुप्त राखले जाते.’ ठीक. ‘गोळ्या रोज ठरल्या वेळी घेतल्यास इतरांसारखेच आयुष्य जगता येते.’ हेही ठीक. ‘उपचारांमुळे रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि गोळ्या चालूच ठेवल्या, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही.’—हे नवीन दिसतंय. माझ्या वेळच्या कागदावर हे नव्हतं. नाही, खोटं कशाला असेल, तुम्ही तपासणीच्या खोलीत बसणारी माणसं, तुम्ही काय मनाचं लिहिणार? मनाचं लिहितात ते आम्ही. पेंटर लोक.

वय झालं म्हणून नाही म्हणत नाहीये मी. हात बघा माझा, हलतोय का? अजून दोरी न मारता सरळ ओळ काढतो. कारण वेगळं आहे. दवाखान्याच्या त्या भिंतीवर याआधी काय होतं, माहितेय तुम्हाला? कसं असणार, तुम्ही आत्ता बदलून आलात. सांगाडा होता. डोक्यापासून पायापर्यंत, दोन पुरुष उंच, काळ्यावर पांढरा, आणि खाली लाल अक्षरांत—‘एड्स म्हणजे मरण’. तो मीच काढला होता. सरकारनं सांगितला होता? छे! तुमच्या आधीच्या साहेबांनी मला असाच कागद दिला होता, सरळ साध्या ओळींचा. कशानं होतो, कशानं होत नाही, तपासणी कुठे. मी म्हटलं, साहेब, एवढं बारीक कोण वाचतंय, माणूस थांबला पाहिजे बघून! साहेब म्हणाले, बघा तुम्हाला काय सुचतं ते. मग सुचलंच मला. सांगाडा एवढा मोठा झाला की खाली दोनच ओळींची जागा उरली. ‘सोबत जेवल्याने, एका भांड्यातून पाणी प्यायल्याने होत नाही’—ही ओळ मावली नाही. ‘उपचार उपलब्ध आहेत’—तीही नाही. गाळल्या मी. जागा नव्हती म्हणून. आणि लोक थांबायचे हो! बायका पोरांचे डोळे झाकून पुढे न्यायच्या. मला काय आनंद! आठवडाभर येताजाता समोरच्या टपरीवर उभा राहून माझंच काम बघत होतो.

भाऊ होता मला एक. धाकटा. आम्ही त्याला धाकटाच म्हणायचो, अगदी त्याचं लग्न होऊन मुलगी झाली तरी. पाइपलाइनच्या कामावर वेल्डर—आठ-आठ महिने बाहेर, मग महिनाभर घरी. घरी आला की आधी माझे बोर्ड तपासायचा. त्या मधल्या गल्लीतल्या दंतवैद्याच्या पाटीवर माझ्याकडून एकदा अनुस्वार सुटला, तर हा भर रस्त्यात ओरडतोय—दादा, तुझ्या डॉक्टरचा दात पडला बघ! डॉक्टर बाहेर आला, मी शिडीवर, आणि हा खाली पोट धरून हसतोय. असा माणूस. तर त्यांच्या साइटवर एकदा तपासणीचं शिबिर झालं. सगळ्यांचं रक्त घेतलं. याचं निघालं. चिठ्ठी घेऊन घरी आला, आणि मग—मग काय, घाबरला. त्या भिंतीवरून जायचं म्हणजे तो सांगाडा समोर. कोण जाईल? मरायचंच आहे असं ज्याला वाटतं तो कशाला जाईल गोळ्या आणायला? माझ्या त्या चित्रानं त्याला अडवलं, मॅडम. म्हणून म्हणतो, ती भिंत माझ्या हातात देऊ नका.

काय? हो, तेव्हा गोळ्या होत्या. फुकट मिळत होत्या. साइटवरच्या बाईंनी त्याला दीड तास बसवून सगळं समजावलं होतं. तुमच्यासारखीच असणार कुणीतरी. बायकोला घेऊन जा, तिची तपासणी करून घे, तोवर निरोध वापर, लपवू नकोस, यात मरायचं काही कारण नाही—सगळं त्याला पाठ होतं. मला घडाघडा सांगितलं त्यानं. म्हणाला, “दादा, हिला आज रात्रीच सांगतो आणि उद्या दोघं दवाखान्यात जातो. तू फक्त सोबत चल, मला तिथलं कुणी ओळखीचं नाही.” तयारच होता तो—

मघाशी काय म्हणालो? घाबरला म्हणालो ना. हो, म्हणालो खरं.

तो नाही घाबरला. मी घाबरलो.

आता निघालंच आहे तोंडातून, तर ऐका. दवाखान्यात मला कोण ओळखत नव्हतं? कंपाउंडर, शिपाई, नर्सबाई, सगळ्यांशी नमस्कार-चमत्कार. प्रत्येक दारावरची पाटी माझी—क्ष-किरण, औषधे येथे मिळतील, थुंकू नये. आणि त्याच भिंतीशेजारून मी माझ्या सख्ख्या भावाला घेऊन त्या खोलीत जाणार? लोक म्हणतील, बघा, सांगाडेवाल्याच्याच घरी आला. मी म्हटलं, थांब जरा. इथे नको. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, तिथे कुणी ओळखत नाही, हातातलं काम संपलं की जाऊ. आणि तिला आत्ता काही बोलू नकोस, ती माहेरी सांगेल, माहेरचे गावभर करतील. तो म्हणाला, “दादा, तिला सांगायलाच हवं. तिच्याही जिवाचा प्रश्न आहे.” मी काय केलं माहितेय? त्याचा हात घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, माझी शपथ आहे तुला. वडील गेल्यापासून मी वाढवलेला पोरगा तो. माझी शपथ मोडायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर घातली.

चार महिने. काम संपलं, दुसरं आलं. पुढच्या सोमवारी, पुढच्या सोमवारी. तो कामावरही गेला नाही, घरीच. खोकला धरला, गाल बसले. आणि मी त्याचा पेला वेगळा ठेवायला लागलो हो! पेल्यानं होत नाही हे कागदावर मी स्वतः वाचलं होतं, मीच गाळलं होतं, आणि घरात माझाच हात त्याच्या पेल्यापासून लांब. त्यानं ते पाहिलं. स्वतःचा पेला स्वतः धुवायला लागला. बायकोनं विचारलं तर म्हणाला, सर्दीचा त्रास आहे, तुला लागेल. निरोधाचं? नाही हो. नवऱ्यानं अचानक असं सुरू केलं तर बायको कारण विचारणार, आणि कारण सांगायची तर माझी शपथ होती.

शेवटी श्वासच लागायला लागला तेव्हा नेला. तिथेच, त्याच दवाखान्यात, भर दुपारी, सगळ्यांदेखत. कोणी काही म्हणालं नाही. कंपाउंडरनं धावत जाऊन स्ट्रेचर आणलं, नर्सबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ज्यांच्या भीतीनं मी चार महिने घालवले, ती माणसं ही. डॉक्टरांनी साइटवरची चिठ्ठी मागितली, तिच्यावरची तारीख वाचली, मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे लिहायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. फुप्फुसात क्षय भरला होता. क्षयाची आणि एचआयव्हीची, दोन्ही औषधं चालू केली त्यांनी, पण अंगात झेपायची ताकद उरली नव्हती. पाच आठवड्यांनी गेला.

मग धाकटीची तपासणी झाली. त्याच्या बायकोची. तिलाही होतं. मुलगी सुटली, मुलीला नाही. हिला आधीपासून होतं, का त्या चार महिन्यांत लागलं? मी विचारलं डॉक्टरांना, आडून आडून. ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. सांगता येत नाही ना, मॅडम? अजूनही नाही? मला वाटलं, एवढी नवीन औषधं आली, आता तेही कळत असेल.

ती चांगली आहे हो. रोज रात्री जेवण झालं की गोळी, अकरा वर्षांत एक चुकवलेली नाही. वजन चांगलं, चेहरा चांगला. मुलगी बारावीला. माझ्याशी नीट वागते, ‘भाऊजी’ म्हणून पहिला चहा मला देते. फक्त घरात त्याचा फोटो नाही. ट्रंकेत तळाशी ठेवलाय. मागे एकदा मुलीनं हट्ट केला, बाबांचा फोटो लावूया, तर ही माझ्यासमोर म्हणाली, “भाऊजी, आजाराचा राग नाही मला, आजार कुणालाही होतो. पण चार महिने शेजारी झोपले आणि मला कळू दिलं नाही. माझी एवढीच किंमत? हे नाही विसरता येत.” मुलगी माझ्याकडे बघतेय. तेव्हा तरी बोलायचं ना मी? मी काय बोललो—जाऊ दे गं, घाबरला असेल बिचारा.

असं म्हणालो मी. माझ्या भावाबद्दल. त्याच्या मुलीसमोर.

नाही, तिला माहीत नाही. कुणालाच नाही. आज तुम्हाला... आणि ती तुमच्याकडेच येते गोळ्यांना, दर महिन्याला. तुम्ही ओळखत असाल तिला—नको, सांगू नका, तुम्हाला सांगता येत नाही, माहीत आहे मला. आणि माझं तिला सांगणार नाही, असंच म्हणताय ना? म्हणजे मीच सांगायचं. असं बघू नका माझ्याकडे. काय होईल, हाकलून देईल घरातून, मुलगी पुन्हा तोंड बघणार नाही. त्यांना तरी दुसरं कोण आहे? मला तरी—

किती वाजले? शाळेच्या बसवर मदतनीस आहे धाकटी, साडेचारला सुटते. सव्वाचार? झाले पण?

उठा मॅडम, मला तिला गाठायचंय. कागद न्या तुमचा, भिंतीचं नंतर बघू. नाही, पाणी नको मला. काही नको. जा म्हणतो ना.