चिमणी नावाची माशी

...आणि वर मलाच दटावतात, "हळू बोल रे, मुली आत्ताच बाहेर आल्यात!" मुली! तुम्हाला सांगतो, मुली म्हणजे माश्या! फळांवर घिरट्या घालतात ना, त्या तिळाएवढ्या! आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तेव्हा प्रयोगशाळेत बाटलीला नाक लावून, हातात मऊ कुंचला घेऊन बसलेले, आणि चाललंय काय, तर कोशातून निघालेल्या माद्या नरांच्या हाती लागायच्या आत वेगळ्या काढायच्या! असला पहारा आमच्या आजोबांनी आत्यांवर ठेवला नसेल! एखादी गुपचूप लग्न उरकून आली की संपलं, पुढची सगळी मोजदाद कचऱ्यात. माशीला काय त्याचं!

बरं, हा उद्योग मुळात ताईचा. दोघंही एकाच प्रयोगशाळेत, ती माश्या सांभाळायची, हे बाटल्या धुवायचे... म्हणजे हुद्दा यांचा मोठा होता हो, पण ताईपुढे बाटल्याच धुवायचे! तर एक दिवस लाल डोळ्यांच्या गर्दीत तिला जांभळ्या डोळ्यांची एक दिसली. झालं!

"अहो, ही नवी आहे! शोधणाऱ्यानं नाव ठेवायचं, असा रिवाजच आहे!"

"मग ठेव की."

"आधी सिद्ध तर होऊ दे. घाई कसली?"

घाई कसली म्हणाली... आणि गेली. सकाळी दवाखान्यात नेली, संध्याकाळी भाऊजी तिच्या चपला पिशवीत घालून एकटे घरी आले.

दुसरा कुणी रडला असता, हे माश्या मोजायला बसले! ताईच्या त्या एकीच्या वंशातल्या माश्या नव्या आहेत हे सिद्ध करायचं आणि त्यांना तिचं माहेरचं नाव द्यायचं, चिमणी! प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "अहो, माशीला चिमणी?" हे म्हणाले, "हो."

जांभळ्या आणि लाल यांची लग्नं लावली, तर पोरं सगळी लाल. त्या पोरांची आपसांत लावली (सख्खी भावंडं हो! पण माशीला काय त्याचं!), तर नातवंडांत तीन लाल, एक जांभळी, तीन लाल, एक जांभळी... हिशेब चोख! भाऊजींचा मला फोन, नुसते हुंदके आणि "चारात एक रे, चारात एक!" आमच्या हिला वाटलं, लॉटरी लागली.

राहिली शेवटची परीक्षा. जांभळ्या डोळ्यांची एक जुनी जात कपाटात होतीच, फार पूर्वी कुणीतरी शोधलेली, बारसं झालेली. तिच्याशी ताईच्या माश्यांची लग्नं लावायची. पोरं लाल निघाली तर ताईची नवी, जांभळी निघाली तर तीच जुनी.

निघाली जांभळी. झाडून सगळी.

"माझीच चूक!" भाऊजी ओरडले, आणि काय आनंदानं ओरडले! "माद्या आपल्याच बाटलीतल्या नरांशी लग्न लावून आल्या असणार! मीच गाफील राहिलो!" आपली चूक निघावी म्हणून तळमळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला! पुन्हा पहारा, पुन्हा लग्नं, या खेपेला बाटलीवरून नजर हटवली नाही...

पुन्हा जांभळी. माशीला काय हो त्याचं?

बाई हळूच म्हणाल्या, "जुनीच आहे ती. साठा आहे आपल्याकडे. या बाटल्या साबणाच्या पाण्यात रिकाम्या करून टाका." हे "बरं" म्हणाले, बाटल्या उचलल्या, खिडकीपाशी गेले, कापसाचे बोळे काढले आणि... भुर्र! अख्खं खानदान सोडून दिलं! केवढा गहजब! तेव्हापासून घरीच बसलेत.

परवा गेलो होतो. टेबलावर केळी, काळी पडून पाझरायला लागलेली, आणि वास तर विचारू नका!

"भाऊजी, टाकू का ही?"

"हात लावू नकोस. बाहेरच्यांत मिसळली ती. डोळ्यांत दिसायची नाही आता, पण आत आहे. तसे दोघं कधीतरी जुळतील, आणि मग... चारात एक."

इतक्यात एक माशी माझ्या चहात पडली. भाऊजींनी ती चमच्यानं अलगद उचलली, भिंगाखाली धरली, आणि बघतच राहिले... बघतच राहिले...

"लाल," म्हणाले, आणि कप माझ्याकडे सरकवला.

करता काय? प्यालो.