मौजा वडनेरच्या अळ्यांस नोटीस

...नाई, तुमीच सांगा ना, पुण्यात राहणारा जवाई, ज्याले कपाशीची पऱ्हाटी कोणती आन् तूर कोणती हे बोट लावून दाखवा लागते, तो ऐन बोंडअळीच्या मोसमात सासऱ्याले किड्यांचा सिनेमा काऊन पाठवन? मले तवाच डाऊट आलता.

तं झालं असं का, दिवाळीच्या सुट्ट्यात नात आली माही, जागृती, तिसरीतली. चप्पल काढाच्या आधी बॅगीतून एक चकचकीत डबी काढली. "आजोबा, हा कार्टूनचा सिनेमा आम्ही थेटरात बघितला. आता घरी बघायची डिस्क निघालीये. बाबांनी खास तुमच्यासाठी दिलीये." खास माह्यासाठी! बरं, या जमान्यात डिस्क? सारी दुनिया मोबाइलात सिनेमे पाहून राह्यली, आन् मलेच डिस्क? म्या रत्नदीपले, म्हणजे जवायाले, फोन लावला. तो कसा गोड गोड बोलते, "अहो मामाजी, वडनेरला नेट कुठं धड चालतं, म्हणून." आता तुमाले सांगतो, एकतीस वर्षं तहसीलात कारकुनी केली म्या. एवढं सरळ उत्तर कोणी देल्लं का समजून जाचं, का फाईलमधी घोळ हाये.

पलंगाखालचा जुना प्लेअर काढला, फडक्यानं पुसला, लावला. पहिल्याच सीनले अळी. आन् रंग कोणता? गुलाबी, आमच्या बोंडअळीचाच! म्हणजे पाहा. डोळे बशीएवढे, आन् त्याले पापण्या. अरे, जिंदगीत हजारो अळ्या चिरडल्या असन म्या, एकीनं पापणी लववली नाई. तिले माय, तिले बाप, तिचा आजा दाढीवाला, सारं खानदान एका फळात राहाते आन् संध्याकाळी मिळून गाणं म्हणते. ते फळ खाऊन कोण राह्यलं, त्याचा मालक कोण, सातबारा कोणाच्या नावानं, हे काईच दाखवत नाई. आन् मंग येते व्हिलन. पाठीवर फवाऱ्याचा पंप, तोंडाले फडकं, बनियनले भोकं... पोट्टी एकदा टीव्हीकडं पाहे, एकदा माह्याकडं. आन् माहा पंप तिथंच, दाराच्या मांगं टांगलेला.

टॉकीजातला सिनेमा परवडला हो. पाहाचा, चिवडा खाचा, घरी याचं. हा तं घरातच मुक्कामाले आला! सकाळी एक खेप, जेवताना एक, दिवाबत्तीले एक. पंपवाला आला का पोट्टी बटण दाबून त्याले तिथंच उभा करे, जवळ जाऊन त्याच्या नाकाकडं पाहे, मंग येऊन माह्या नाकाकडं पाहे. आजवर माह्या ताटात जेवणारी पोट्टी, आता आजीच्या ताटात जेवून राह्यली. ते मातर मले लागलं, खोटं काऊन बोलू.

इकडं वावरात दहा बोंडं फोडून पाह्यली, तं चार बोंडात अळी. कापसाचा दुसरा वेचा बाकी होता, पांढरंशुभ्र सोनं, आता फवारलं नाई तं गेलंच म्हणा. सकाळी पंप उचलला, तं पोट्टी दारात आडवी, दोन्ही हात पसरून. "आजोबा, तुम्ही त्यांना सांगितलंय का?"

"कोणाले?"

"अळ्यांना. तुम्हीच म्हणता ना, नोटीस दिल्याशिवाय सरकारलासुद्धा कोणाला घराबाहेर काढता येत नाही."

आता आली का पंचाईत. हे वाक्य म्या पाहुण्यारावळ्यापुढं छाती फुगवून शंभर डाव म्हटलं हाये. आता खोटा पडू? म्हटलं, आण कागद. पोरीचं मन राहीन, दहा मिनिटाचं काम. पण एकदा का हातात पेन आला ना भाऊ, मंग हात आपला राहात नाई. "तमाम अळ्या, राहणार बोंडात, मौजा वडनेर, यांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, आपण खाजगी शेतात विनापरवाना वास्तव्य केले असून, सात दिवसांचे आत अतिक्रमण काढून घ्यावे. हरकत असल्यास लेखी सादर करावी." वावरातल्या खांबाले चिकटवली, अण्णाजी आमचा धुरेकरी, बाजूच्याच वावरवाला, त्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. तो वाचता वाचता थांबला. "काहो, सात दिवस देल्ले अळीले?"

सात! लिहाचा होता एक. हातानं सवयीनं सात लिहिले. आन् पोट्टीपुढं, साक्षीदारापुढं, सही झालेली नोटीस मांगं घेतो मी? नाई. नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या दिवशी चहाच्या कपाखाली कागद. हरकत! अक्षर पोट्टीचं, पण भाषा पाहा. "सबब विनंती की, एक, आमचा जन्म इथलाच आहे. दोन, आम्हास पर्यायी जागा दाखविण्यात आलेली नाही." पर्यायी जागा! तिसरीतल्या पोट्टीले हे कोणं शिकवलं? मले तवाच डाऊट आलता, हे जवायाचंच काम. फोन उचलतो, तं चुलीपाशी सुलोचना, आमची घरवाली, पोळी उलथता उलथता म्हणते, "त्याले काऊन तरास देता? मीच लिहून देल्लं. तुमी घरी बोलून बोलून नोटिशी लिहात, मले पाठ नाई होणार का? आन् पोट्टीनं फोनवर त्या पंपवाल्याची गोष्ट सांगतली, तवा डिस्क बी मीच मागवली."

घ्या! डाऊट बराबर होता, माणूस चुकला.

"मागच्या साली फवारून आले तं दोन दिवस ओकाऱ्या," ती म्हणे, "पाणी ठरत नोतं पोटात. डॉक्टरनं सांगतलं तुमच्यानं हे होत नाई, तं डॉक्टर खोटा. म्या सांगतलं, तं मी खोटी. म्हटलं, पोट्टीचं तरी ऐकन हा माणूस."

म्या कागद पुन्हा पाह्यला. खाली तिसरी हरकत होती, ती मातर पोट्टीच्याच भाषेत. "तीन. आजोबांनी फवारायचं नाही. तो सिनेमातला माणूस शेवटी खोकतो आणि त्याला कोणीच पाणी देत नाही."

आता याच्यावर काय निकाल देता तुमी? अळीच्या बाजूनं देल्ला तं पऱ्हाटी गेली, माह्या बाजूनं देल्ला तं घर गेलं. गडी लावू फवाऱ्याले? विचारलं पोट्टीले. ती म्हणे, "तो कोणाचा आजोबा नाही का?" म्हणून मंग जे येते तेच केलं. कागदावर लिहिलं, निकाल राखून ठेवला. पुढील तारीख सोमवार. सोमवारी परत तेच.

एकतीस वर्षं माह्या टेबलापुढं लोक हात जोडून उभे राहात, साहेब, निकाल लागेस्तोवर आमच्यापाशी काय उरन? मी मान वर न करता म्हणो, पुढच्या तारखेले येजो. आता रोज वावरात जातो, कुरतडलेलं बोंड हातात घेतो, आन् दाद मागाले साहेब पाहातो, तं साहेब बी मीच, आन् साहेबाले मी चांगला ओळखतो.